रुमालाखालची बोटं

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घराला बैठकीची खोली नव्हती. बांधताना होती म्हणे, पण बाबांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटनं ती माझ्या जन्माआधीच गिळून टाकली होती. समोरच्या खोलीत दोन रांगांत बारा टाइपरायटर, मधून बाबांना फिरण्यापुरती वाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बाजूला मोठं घड्याळ. पाहुणा आला की त्यानं या रांगांमधून अंग चोरत थेट स्वयंपाकघर गाठायचं आणि आईच्या ओट्याशेजारी स्टुलावर बसून चहा प्यायचा. सकाळी सातला पहिली बॅच बसायची, त्यामुळे मला कधी कोणी हाक मारून उठवलं नाही. बारा मशीनांचा कडकडाट, ओळ संपली की टिंग, मग गाडा मागे ओढल्याचा खर्रर्र आवाज, आणि त्या सगळ्याच्या वर बाबांचा उतारा वाचणारा एकसुरी आवाज. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, कांजिण्या काढल्या, दहावीचा अभ्यास केला. रविवारी मशीनं बंद असत, तेव्हा घरात कोणी वारल्यासारखं वाटायचं. लोकांना शांतता आवडते म्हणतात. मला ती अजूनही सोसत नाही, घरात एकटी असले तर मी पंखा तरी लावून ठेवते.

बाबांचा एक नियम होता आणि त्या नियमानं ते अख्ख्या पूर्व नागपुरात ओळखले जायचे. शिकणाऱ्यानं कळांकडे बघायचं नाही. कागदाकडेही बघायचं नाही. त्यासाठी आई जुन्या पातळांचे हातभर रुमाल शिवून देई. पोरानं किंवा पोरीनं मशीनीवर हात ठेवले की बाबा वरून रुमाल टाकत आणि त्याच्या खाली बोटं चालत. नवी पोरं घाबरायची. मग बाबा म्हणायचे, "बोटाले डोळे असतात गा. वरचे डोळे मिटले का मंग ते उघडतात." परिच्छेद संपेपर्यंत मान वर करायची नाही, मग भूकंप होवो. कोणी चोरून पाहिलं तर बोटांवर पट्टी बसे. स्वतः बाबा तर डोळे मिटूनच टाइप करायचे. डोळे मिटलेले, ओठ किंचित हलताहेत, आणि हाताखालून मराठी झरझर उतरते आहे. वंदनेला बसतानाही त्यांचा चेहरा इतका शांत झालेला मी पाहिला नाही. आसपासच्या वस्तीतली किती पोरंपोरी त्या रुमालाखालून निघून कोर्टात, तहसिलीत, जिल्हा परिषदेत खुर्चीवर बसली, त्याचा हिशेब बाबांनी ठेवला नाही. पण रस्त्यानं जाताना कोणी स्कूटर थांबवून "सर" म्हणून वाकलं की ते दिवसभर खूश असत.

मी मात्र शिकले नाही. हे लिहिताना आजही मान खाली जाते. सोळा वर्षांची होते, त्यांनी एका संध्याकाळी माझ्यासाठी कोपऱ्यातली मशीन पुसून ठेवली, वर नवा रुमाल घडी करून ठेवला. मी फणकारले, "मले काय क्लार्क बनाचं हाये काय, बाबा?" ज्या कामावर माझं ताट भरत होतं त्या कामाला मी असं बोलले. ते रागावले नाहीत. "नको शिकू," एवढंच म्हणाले आणि रुमाल उचलून दुसऱ्या मशीनीवर टाकला. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही. बाबांकडून कौतुक मिळवायचा तो एक रस्ता होता, तो मी स्वतःच्या हातानं बंद केला. तसं ते कौतुक कोणालाच करत नसत. पहिल्या नंबरानं पास झालेल्याला "ठीक" मिळायचं. सरांच्या तोंडून शाबास ऐकायला दुसरा जन्म घ्यावा लागेल, अशी पोरं आपसात थट्टा करायची.

जेवणातही तेच. आई भिवापूरची, मामा दर वर्षी मिरच्यांचं पोतं पाठवायचे, आणि आईच्या हातच्या बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याला असा काही लाल तवंग यायचा की शेजारच्यांना खोकला लागावा. बाबा त्या रश्श्यात भाकरी चुरून खात. कपाळावर घाम, नाक वाहतंय, डोळे लाल. चांगलं झालं असं एकदाही म्हणाले नाहीत. नुसती वाटी पुढे करायचे. आई पळी भरून ओतायची आणि तिच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मला तेव्हा कळायचं नाही. आता कळतं, आणि कळून काही उपयोग नाही.

पुढे सरकारी परीक्षेतून टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. बाबांनी एका बंद पडलेल्या कार्यालयातून जुना कॉम्प्युटर आणला आणि तसबिरीखाली ठेवला. जो बसवायला आला होता त्यानं त्यात मराठी टाकून दिली. पान उघडलं की थेट मराठीच उमटायची, तीही टाइपरायटरच्याच कळांवर, म्हणून बाबांच्या बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर मिळायचे. बाबांनी ते लावू दिले नाहीत. "पाहाचंच नाही तं स्टिकर कायले?" नुसता इंग्रजी कळांचा तो कीबोर्ड आणि वर आईचा रुमाल. पण पोरं आता एसी लावलेल्या क्लासांकडे जाऊ लागली होती. बाराच्या जागी सहा झाली, मग चार. बाकीचे टाइपरायटर धूळ खात रांगेत बसून राहिले. कॉम्प्युटरही म्हातारा झाला. आई सकाळी त्याचं बटण दाबून कुकर लावायची. तीन शिट्ट्या झाल्या की पडद्यावर काहीतरी दिसू लागायचं.

बाबांना झटका आला तो सकाळच्या बॅचला. हातात घड्याळ घेऊन ते उतारा वाचत होते, आणि वाचता वाचता एका शब्दावर अडकले. चार पोरं होती, कॉम्प्युटर एकच म्हणून सराव अजून टाइपरायटरवरच चालायचा. नियमात तयार झालेली, माना खाली घातलेली, रुमालाखाली बोटं चालू. सरांचा आवाज थांबला म्हणजे सर तपासताहेत, असं त्यांना वाटलं. आलेला मजकूर ती पुन्हा पुन्हा टाइप करत राहिली. बाबा बाकावरून घसरून फरशीवर आले तरी एकानंही मान वर केली नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा खोलीत मशीनांचा आवाज होता आणि बाबा दोन रांगांच्या मधल्या वाटेत पडले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या पोरांचा काही दोष नाही. पण वर्षानुवर्षं मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग लुळं पडलेलं होतं आणि वाचा गेली होती. तोंडातून एक घोगरा आवाज तेवढा यायचा, सगळ्या शब्दांच्या जागी तो एकच. डोळे मात्र तेच होते. डॉक्टर म्हणाले, "समज किती उरली आहे हे लगेच सांगता येणार नाही. ऐकून कळतं की नाही, तेही पाहावं लागेल. लिहून काही दाखवतात का ते बघा." आम्ही डाव्या हातात पेन दिलं. कागदावर कोंबडीचे पाय उमटले. पेन दोनदा गळून पडलं, तिसऱ्यांदा त्यांनी ते धरलंच नाही. त्या दिवशी आईनं त्यांना वरण-भात मिक्सरमधून काढून चमच्यानं भरवला, बिनतिखटाचा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. त्यांनी तोंड वाकडं केलं. आई म्हणाली, "आता असंच खा लागते." मला वाटतं आमच्या घरातलं सगळं तिखट त्या दिवशी संपलं.

कल्पना माझी होती. पेन येत नाही तर काय झालं, कीबोर्ड येईल की! डावा हात हलतो आहे, आणि बाबांना कळा शोधाव्या लागत नाहीत. एक एक अक्षर दाबलं तरी बोलतील. त्या विचारानं मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारली. खुर्चीला उशा लावून आम्ही त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पण तो मेला सुरूच होईना. पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं, बाबांची मान एका बाजूला कलली, अंगाला घाम फुटला. "किती वेळ लावून राहिली वं ही मशीन," आई म्हणाली, "त्याईची पाठ दुखून राहिली." पडदा उजळेपर्यंत त्यांची बसायची ताकद संपली होती. त्यांना उचलून पुन्हा त्याच खोलीत भिंतीशी टाकलेल्या खाटेवर घातलं. मी म्हटलं, "दोन दिवस थांब आई. मी याले नवा करून टाकतो. बटण दाबलं का चालू, पाहशीन तू."

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. सीताबर्डीच्या एका दुकानातून एसएसडी आणली, म्हणजे नवी वेगवान डिस्क, तळहाताएवढी, वजनाला काहीच नाही. दुकानदार म्हणाला, "लावून देऊ काय?" मी म्हटलं, "मले येते." कॅबिनेट उघडलं तर आत खडूची, टाइपरायटरच्या रिबिनीची, पोरांच्या डोक्यातली, अशी सगळ्या वर्षांची धूळ. आईच्या रंगकामाच्या ब्रशनं ती झाडली. जुनी हार्डडिस्क काढली, नवी बसवली, दोन वायरी लावल्या, मोबाइलवर व्हिडिओ लावून बघत बघत पेन ड्राइव्हवरून नवी विंडोज टाकली. खाटेवरून बाबा माझ्याकडे बघत होते. स्क्रू खाली पडला तर डाव्या हाताच्या बोटानं तो कुठे घरंगळला ते दाखवत होते. हे मला लख्ख आठवतं. ज्याची समज गेली आहे असा माणूस स्क्रू दाखवत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

जुन्या डिस्कमधल्या बाबांच्या फायली मी नव्यात आणल्या. उघडून बघते तर सगळा कचरा. ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांच्या, अर्थ काही नाही, मध्येच कंस, मध्येच अर्धविराम. एक उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली, सगळीकडे तेच. मी निदान केलं की जुनी डिस्क आतून सडली आणि तिनं फायली खाऊन टाकल्या. अशी किती उदाहरणं वर्गात सांगितली होती. म्हटलं, नव्या घरात सडका माल कशाला? ते सगळं पुसलं. जुनी डिस्कही कोरी करून भंगारात दिली. मग बटण दाबलं. कुकरची एक शिट्टी व्हायच्या आत पडदा निळा झळाळला. आईनं टाळी वाजवली. दगड पडो माझ्या त्या शहाणपणावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घालून, स्वच्छ बंडी घालून आम्ही बाबांना बसवलं. मी कोरं पान उघडून दिलं. त्यांनी कळांवर डावा हात ठेवला आणि मग थांबले. घोगरा आवाज काढून मशीनांकडे हात केला. आईला कळलं. तिनं एका टाइपरायटरवरचा रुमाल आणला, झटकला आणि त्यांच्या हातावर पसरला. बाबांनी डोळे मिटले. रुमालाखाली बोटं चालू लागली, हळू, पण न अडखळता. चेहरा तोच, जुना, शांत. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर कचरा उमटत होता. इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम. शब्द नाही, अर्थ नाही. आधी वाटलं हात चुकीच्या जागी पडलाय, सुधारेल. एक ओळ झाली, दोन झाल्या. बाबा डोळे मिटून अगदी मन लावून तो कचरा टाइप करत होते. बाबांचं डोकं गेलं. ते आत आहेत असं आम्हाला वाटत होतं, आत कोणीच नाही. "बाबा!" मी ओरडले, "थांबा, बाबा! काहीही येऊन राहिलं!"

त्यांची बोटं थांबली. नियम मोडून, वाक्य अर्धवट सोडून त्यांनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं. मग डावा हात रुमालाखालून काढून ते पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवू लागले. घोगरा आवाज, बोट वर, पुन्हा आवाज, पुन्हा बोट वर. आई म्हणाली, "भगवंताची तसबीर मांगून राहिले." तसबीर पडद्याच्या नेमकी वरच होती. तिनं स्टुलावर चढून ती काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी तसबिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रडू लागले. आम्हीही रडलो. मी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला, डॉक्टरांना दाखवायला. मग पान बंद केलं. सेव्ह करायचं का असं कॉम्प्युटरनं विचारलं, मी नाही म्हटलं.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून बघितला. म्हणाले, "अक्षरं येतायत, पण भाषा नाही. समज गेलेली दिसते. आता त्यांना असा त्रास देऊ नका, बीपी वाढेल." त्यानंतरही दोनदा बाबांनी कॉम्प्युटरकडे हात केला. एकदा मी बसवलं, तर तोच कचरा आणि तेच कोपऱ्याकडे बोट. त्या दिवशी त्यांनी कीबोर्ड मुठीनं बडवला आणि त्यांना आवरायला शेजारी बोलवावे लागले. मी कीबोर्ड काढून माळ्यावर टाकला. पुढे कित्येक दिवस ते खाटेवर पडल्या पडल्या हवेतच कोपऱ्याकडे बोट करायचे. मग तेही बंद झालं.

समज नाही म्हटल्यावर माणूस घरात असून नसतो. त्यांच्यासमोर आम्ही काय वाट्टेल ते बोलू लागलो. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, एके दिवशी आले आणि म्हणाले, "वहिनी, हे मशीनं काहून ठेवून राहिले? सारे जंगून राहिले." भंगारवाला आला. त्याच खोलीतून, त्याच खाटेसमोरून बारा मशीनं एकेक करून उचलून नेली. घंटीला कुठे धक्का लागला की टिंग व्हायचं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आई म्हणाली, या दुखण्यात डोळे आपोआप वाहतात, डॉक्टरांनी सांगितलंय. काकांनी मान डोलावली, मीही डोलावली.

आणि एका दुपारी आई बोलली. तिचा मी आजही राग धरत नाही. पाच महिने ती एकटी त्यांना उचलत होती, फिरवत होती, धूत होती. तिची कंबर गेली होती आणि झोप गेली होती. हातात वरण-भाताचा चमचा होता, समोर काका बसले होते. ती म्हणाली, "याच्यापेक्षा त्याच दिवशी गेले असते तं सुटले असते, भाऊजी. मीही सुटली असती." म्हणताना चमचा बाबांच्या तोंडापाशी होता. बाबांनी तोंड मिटलं. "घ्या नं," आई म्हणाली. ते उघडलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं खाणं तुटलं ते तुटलंच. गिळायचे स्नायू जातात, डॉक्टर म्हणाले. नळी घातली. तीन आठवड्यांत बाबा गेले.

बाबांच्या नावानं जलदानाचा विधी झाला त्या दिवशी घर भरलं होतं. रिकाम्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या, जिथे मशीनं होती तिथे फरशीवर चौकोनी डाग दिसत होते. सगळे जेवून उठल्यावर सुनंदाताई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या बाबांच्या अगदी पहिल्या बॅचच्या, आता कोर्टात मोठ्या हुद्द्यावर. "सर शेवटी काही बोलले काय वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही ताई. समजच नव्हती. हे पाहा ना काय टाइप केलं होतं." आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. आमचं केवढं मोठं दुःख होतं, ते दाखवण्याच्या नादात दिला, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांनी चष्मा लावला. बघता बघता त्यांचा दुसरा हात मांडीवर हलायला लागला. मी बघत राहिले. त्या पुटपुटत होत्या, "ई... वाय... के..." आणि बोटं पातळावर उठत होती, पडत होती. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटांनी पुन्हा तेच केलं. "म," त्या म्हणाल्या. "ला. मला." डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "अवं प्रज्ञा, हे मराठी हाये."

मला काही कळेना. "फॉन्ट बदलवून नाही पाहिला काय कोणी?" त्यांचा आवाज चढला. "सरांचा मराठी फॉन्ट नसला का असंच इंग्रजी दिसते. कळा त्याच, अक्षरं त्याच जागी. कॉम्प्युटर बदलवला होता काय? विंडोज नवी टाकली होती? त्याच्यासंगं फॉन्ट गेला असन. वरत्या कोपऱ्यात फॉन्टचं नाव असते, ते बदलवलं का झालं. सरांले माहीत होतं ते. त्याईनं नाही सांगितलं?"

वरच्या कोपऱ्यात. डावीकडे.

"आन् त्याईचे उतारे कुठी हायेत?" सुनंदाताई म्हणाल्या. "स्वतः लिहायचे ते सारे. आपल्या आयचे, गावचे." ते मीच कचरा समजून पुसले होते. म्हटलं, "ताई, वाचा." त्यांनी फोटो जवळ धरला. अक्षर पाहायचं, डोळे मिटायचे, मांडीवर बोट, मग शब्द. इतक्या हळू माझं आयुष्य कधी सरकलं नाही. "मला सर्व समजते. फक्त बोलता येत नाही. मशीन छान चालते." इथे त्या थांबल्या, पुन्हा बोटं फिरवून खात्री केली. "शाबास, प्रज्ञा." मग पुढची ओळ. "आईला सांग की."

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही वं. इथंच थांबले."

तिथे मी ओरडले होते.

स्वयंपाकघरात आई बायकांबरोबर भांडी पुसत होती, वाट्यांचा आवाज येत होता. सुनंदाताई उठू लागल्या, "वहिनीले सांगतो." मी त्यांचा हात धरला. त्यांना वरण-भाताचं, चमच्याचं, त्या दुपारचं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नका सांगू, ताई. बाबांले सारं समजत होतं हे तिले कळलं तं ती जगणार नाही." त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला, "बरं" म्हणाल्या आणि पायात चप्पल घालून गेल्या. त्यांनी आजवर शब्द पाळला आहे.

आता घर विकलं गेलं. आई माझ्याजवळ, शहराच्या कडेला बेसाला राहते. माझ्याच केसांत पांढरं दिसू लागलं, ती तर पार वाकली आहे. भाजीत तिखट ती अजून टाकत नाही, का ते मी विचारत नाही. बाबांना सांगायचं होतं ते काय असेल याचा विचार मी पुष्कळ केला. कधी वाटतं, मिरचीचंच काहीतरी असेल, त्या फिक्या वरणाला ते वैतागले होते. कधी वाटतं, नुसतं "काळजी करू नको" असेल. कधी असं काही सुचतं की पुढचा विचार करवत नाही. मी पुढे सुनंदाताईंकडे जाऊन मराठी टायपिंग शिकले. रुमाल टाकून, डोळे मिटून. बाबांचा जुना फॉन्टही मिळवला. हे प्रकरण मी त्याच कळांवर टाइप करते आहे, पण टाइप करताना फॉन्ट लावत नाही, कारण आईला वाचता येतं आणि ती कधीही मागे येऊन उभी राहते.

मघाशी तशीच आली, हातात मेथीची जुडी. पडद्याकडे बघत राहिली. ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम. "असंच आलं होतं ना वं तुया बाबाचं," ती म्हणाली. "काहीच नव्हतं त्यात, नाही?"

"काहीच नव्हतं, आई," मी म्हटलं, आणि रुमालाखाली बोटं तशीच चालू ठेवली.